दोरीच्या दुसऱ्या टोकाला

लोणंदच्या वस्तीतून संध्याकाळी आम्ही मांजर फिरवायला निघतो, हे वाक्य लिहितानाही आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते. शेळ्या चारणारे, गुरे पाण्यावर नेणारे, क्वचित एखाद्या बंगल्यातले कुत्रे साखळीला धरून हिंडवणारे, ही दृश्ये या गावाला परिचयाची आहेत. परंतु पांढऱ्या केसांचा एक निवृत्त रेल्वे कर्मचारी हातात निळी दोरी धरून उभा आहे, दोरीच्या दुसऱ्या टोकाला सुंठीच्या रंगाची मांजरी बसली आहे, ती उठत नाही म्हणून तोही हलत नाही, आणि हे असे दहा-दहा मिनिटे चालले आहे, हे पाहून कांद्याच्या पिशव्यांनी भरलेला ट्रॅक्टर हाकणाऱ्याने ब्रेक लावला तर त्यात त्याचा दोष नाही. "काका, मांजराचं कुत्रं केलं की तुम्ही!" असे एकाने ओरडून सांगितलेही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा उंदरांचा जुना प्रश्न. आमच्या आळीत तो आमच्यापुरता सुटला, असे शेजारचे आबा म्हणतात.

आम्ही मूळचे वसईचे. रेल्वेच्या नोकरीने पुणे–मिरज मार्गावरच्या या स्टेशनात आणून सोडले आणि निवृत्तीनंतरही पाय येथून निघाला नाही. मुलगी पुण्यात, मुलगा आखातात. मिस्सेसाठी आम्हांस प्रवास करावा लागतो. घरी मात्र रात्रीची रोझरी चुकत नाही. रोझरीला आम्ही तिघे असतो: आम्ही स्वतः, सौ., आणि त्या त्या काळी घरात जे मांजर असेल ते.

सुंठीच्या आधी एक काळा-पांढरा बोका होता. तो कोणाच्या हातात राहणारा नव्हता. रात्री निघून जाई, पहाटे दुधाच्या वेळी येई. 2021 मध्ये एका पहाटे तो आला तो ओट्यावरच कोसळला. कोठे तरी उंदरांसाठी काळी पूड ठेवलेली असावी. झिंक फॉस्फाईड म्हणतात ती. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की विषारी वायू तयार होतो, आणि ती खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजराचीही तीच गत होण्याचा धोका असतो. सौ.ने त्याला मांडीवर घेतले होते. उजाडण्यापूर्वीच सगळे आटोपले. पूड कोणी ठेवली हे आम्ही विचारले नाही. ज्याचे धान्य उंदीर खातात त्याने तरी काय करावे? सौ.ने बोक्याची ताटली घासली, पुसली आणि माळ्यावर टाकली. "आता या घरात जनावर नको," एवढेच ती म्हणाली.

तो शब्द आम्ही दीड वर्ष पाळला. 2023 च्या हिवाळ्यात कांद्याच्या बाजारात रिकाम्या बारदानांच्या ढिगात मुठीएवढे एक पिलू ओरडताना सापडले आणि आम्ही ते सदऱ्याच्या आत घालून घरी आणले. सौ. दोन दिवस त्याच्याकडे पाहीना. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून ताटली खाली आली. मात्र अट घातली गेली: ही उंबरठा ओलांडणार नाही. ज्या दिवशी ओलांडील त्या दिवशी ती आणि तुम्ही, दोघेही बाहेर.

अट घालणे सोपे होते. पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया झाली, रेबीजची व इतर लस टोचली गेली, सुंठी अंगाने भरली; आणि मग ती खिडकीत बसू लागली. समोर कडुनिंब, त्यावर साळुंक्या, खाली खारी. सुंठी गजांतून पाहत राही आणि तिचा खालचा जबडा थरथरून दातांचा बारीक कटकट आवाज येई. सांजवेळी दारापाशी जाऊन ती असा काही सूर लावी की रोझरीचे तिसरे रहस्य कोठवर आले होते ते आम्ही विसरत असू. त्या वर्षीच्या नाताळात मुलगी आली. तिने हे दोन दिवस पाहिले आणि पुण्याला परतल्यावर एक पुडके पाठवले. त्यात मांजराचा अंगपट्टा होता: एक वेढा छातीभोवती, एक पोटाभोवती, पाठीवर कडी, कडीला निळी दोरी. याला हार्नेस म्हणतात. पुडक्यावर कुत्र्याचे चित्र होते हे पाहून सौ.ने कपाळाला हात लावला.

तिचा संशय अगदीच निराधार नव्हता. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहणारे. पुढे जाणाऱ्याच्या मागे जाणे त्याच्या रक्तातच आहे. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातला रानमांजर, एकटा शिकार करणारा. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजराचा सांगाडा पुरलेला आढळला, त्याचा वृत्तान्त 2004 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सोबत फार जुनी आहे. परंतु त्या सोबतीत मांजराने कोणाच्या मागे चालावे असे कधी ठरलेले नव्हते. आपल्या पवित्र शास्त्रातही पाहावे. टोबितच्या पुस्तकात तरुण टोबिया दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याचे कुत्रे कोणी न बोलावता बरोबर निघते. मांजर मात्र सबंध शास्त्रात एकदाच येते, बारुखच्या सहाव्या अध्यायात, आणि तेथेही ते कोठे जात नाही. बाबिलोनच्या देवळांत वटवाघळे आणि पाकोळ्या जशा मूर्तींवर बसतात तसे तेही बसते, एवढाच उल्लेख. ही दोन्ही पुस्तके आपल्याच बायबलात आहेत, प्रॉटेस्टंट बंधूंच्या नाहीत. तेव्हा मांजराचा शास्त्राधार एका कॅथलिक घरालाच काय तो सापडायचा, असे आम्ही सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "बसण्याचाच आधार आहे ना? मग बसू दे तिला घरात."

तरीही आम्ही आरंभ केला. गळपट्ट्याला दोरी का लावत नाहीत हे प्रथम समजून घेतले. मांजराचे खांदे मोठे चमत्कारिक. माणसाचे गळ्याखालचे हाड दोन्ही टोकांना जोडलेले असते; मांजराचे ते हाड इवलेसे, इतर कोणत्याच हाडाला न जोडलेले, मांसात नुसते अधांतरी असते. त्यामुळे डोके शिरले की अंग शिरतेच. गळपट्टा ओढला तर एकतर श्वासनलिकेवर ताण येतो, नाहीतर मांजर मागे सरकून सुटते. अंगपट्ट्यातूनही ते सुटू शकते, जर तो सैल असेल तर. पट्ट्याखाली आपली दोन बोटे जावीत, तिसरे जाऊ नये, असे मुलीने चिठ्ठीत लिहून त्याखाली रेघ मारली होती. ही रेघ वाचकांनी लक्षात ठेवावी. आम्ही ठेवली नाही.

पहिले आठ दिवस पट्टा नुसता तिच्या अंथरुणाशेजारी पडून राहिला, त्याला घराचा वास लागावा म्हणून. मग तो जेवणाच्या वेळी ताटलीशेजारी आला. मग पाठीवर क्षणभर टेकवायचा, आणि टेकवल्याबरोबर भाजलेल्या सुकटीचे एक टोक तिच्या तोंडापुढे धरायचे. ही सुकट वसईहून येते. आमच्या बहिणी आठवणीने पाठवतात. तव्यावर ती कोरडी भाजली की घरभर जो दरवळ सुटतो त्याला सुंठी वश होती. पशुवैद्याने मिठाचे सांगून चिमटीपलीकडे देऊ नका म्हणून बजावले होते. तेव्हा रोजचा हिशेब चार तुकड्यांचा. बक्षीस त्याच क्षणी मिळाले पाहिजे. आपण डबा उघडून शोधत बसलो तर मधल्या वेळेत तिने जे केले असेल त्याचेच ते बक्षीस, अशी तिची समजूत होते.

बंद आवळून पट्टा प्रथम अंगावर चढवला त्या दिवशी सुंठी जागच्या जागी कुशीवर पडली. पाय ताठ, डोळे उघडे. आमचा बोका आठवून सौ. धावतच आली. पण बहुतेक मांजरे प्रथम असेच करतात; अंगाभोवती दाब आला की ती जणू लाकडाची होतात. बंद सोडला, ती उठली, अंग झाडले आणि सुकट मागू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. नवव्या दिवशी पडल्या पडल्या तिने सुकट खाल्ली. दहाव्या दिवशी सुकट हातभर दूर ठेवली, तेव्हा पोटावर सरपटत ती तेथवर गेली, जणू छप्पर फार खाली आले आहे. जानेवारीचा महिना असा सरपटण्यात गेला. नोकरीत असताना आम्ही हाताखालच्या माणसांवर पुष्कळ ओरडलो असू. येथे ओरडण्याची सोयच नव्हती. एकदा आवाज चढला आणि तीन दिवसांची कमाई गेली.

घरात दोरी मागे ओढत फिरणे जमल्यावर मग दोरीचे टोक हातात घेतले. ओढायचे नाही. ती जाईल तिकडे आपण जायचे, आणि जाऊ द्यायचे नसेल तेथे नुसते उभे राहायचे. बाहेर नेताना तिला तिच्या पायांनी उंबरठा ओलांडू द्यायचा नाही. झाकणाच्या टोपलीत घालून उचलून न्यायचे, म्हणजे उघडे दार दिसले की धावावे असे तिच्या मनात भरत नाही. शिवाय भीती वाटली तर शिरायला टोपली जवळ असते. सौ.ची अट अशा रीतीने अक्षरशः पाळली गेली: उंबरठा सुंठीने ओलांडलाच नाही, टोपलीने ओलांडला. मार्चमध्ये ती कडुनिंबाखाली प्रथम उतरली. मातीला नाक लावून ती किती वेळ तशीच राहिली! सौ. दारातून पाहत होती. काही बोलली नाही. आत जाऊन डोळे पुसून आली.

2024 च्या आषाढात माउलींची पालखी आली. पालखी नीरा नदी ओलांडते तेव्हा पादुकांना स्नान घडते; तेथून सातारा जिल्हा लागतो आणि मुक्काम लोणंदला पडतो. त्या दिवसांत गाव गावात मावत नाही. आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत दरवर्षी मराठवाड्यातली एक दिंडी राहुट्या ठोकते. सौ. पाणी देते, चहा करते, बायकांना न्हाणीघर मोकळे करून देते. त्या मुक्कामात आम्ही घरात मासळी करीत नाही. कोणी सांगितले नव्हते. पहिल्या वर्षी केली नाही आणि मग तसेच चालत आले.

आदल्या दिवशी सुंठीच्या काखेत पट्ट्याने केस घासलेले दिसले. कळवळा येऊन आम्ही बंद एक घर सैल केला आणि सौ.ला सांगितले नाही. दुसरे कारण सांगताना संकोच वाटतो. दिंडीतल्या आयाबायांना आपली दोरीवरची मांजरी दाखवावी अशी आम्हांस हौस आली होती. सौ. चहा घेऊन राहुट्यांत गेली असताना आम्ही टोपली घरातच ठेवून सुंठीला कडेवर बाहेर आणले. बायका जमल्या, पोरे जमली, "अगं बया, मांजराला दोर!" असा गलका झाला. त्याच वेळी मागे टाळ-मृदंगाचा गजर उठला आणि एका ट्रकने भोंगा दिला. सुंठी खाली उतरली, मागे सरकली, डोके खाली घातले, आणि आमच्या हातात निळी दोरी व तिच्या टोकाला रिकामा पट्टा एवढेच उरले.

अंधार पडेपर्यंत आम्ही हाका मारल्या. आळीतली मुले धावली, दिंडीतले तरुण टॉर्च घेऊन हिंडले. "पट्टा सैल कोणी केला?" असे सौ.ने एकदाच विचारले. आम्ही सांगितले. फादरांपुढे कबुली द्यायला याहून सोपे गेले असते. त्यानंतर ती आमच्याशी बोलली नाही. संत अंतोनींच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून बसली. हरवलेल्या किल्ल्यांसाठी आणि चष्म्यासाठी आम्ही त्या संताला आजवर फार त्रास दिला आहे. त्या रात्री वाटले, तो सगळा निष्कारण खर्ची घातला.

भय आणखी एक होते. दिंडीचा सामानाचा ट्रक पहाटे पुढच्या मुक्कामाला, तरडगावला, निघणार होता. त्यात गाद्या, कनाती, भांड्यांची पोती. घाबरलेले मांजर शिरायला याहून चांगली जागा कोणती? मुलीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, हाका मारणे बंद करा. घाबरलेले मांजर लांब जात नाही. पहिला आडोसा मिळेल तेथे दडते, आणि मालकाच्याही हाकेला ओ देत नाही. सगळे शांत झाले की तिच्या आवडीचा वास करा आणि बसून राहा."

तिच्या आवडीचा वास! तो एकच होता, आणि भोवती शंभर-दीडशे माळकरी झोपले होते.

रात्री दोनच्या सुमारास सौ. तवा आणि सुकटीचा डबा घेऊन बाहेर आली आणि अडखळून उभी राहिली. शेवटी आम्हीच राहुटीपाशी गेलो. दिंडीप्रमुख बुवा जागेच होते.

"बुवा, एक विचारायचे होते."

"विचारा की, माउली."

आम्ही सांगितले. मांजरी सुकटीशिवाय कशालाच येत नाही. सुकट म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. वाळवलेला जवळा, बारीक कोळंबीसारखा, असे आम्ही खाली मान घालून सांगितले. बुवा काही बोलेनात. मागून परभणीकडची एक म्हातारी उठून बसली. "लेकरू हरवलंय त्यांचं, बुवा," ती म्हणाली.

बुवांनी बोट ओले करून वर धरले. "वारं आबांच्या वाडग्याकडं चाललंय. चूल तिकडच्या कडेला मांडा. आमच्याकडं वास यायचा न्हाई. अन् आला तर आला. या वक्ताला कोण जेवायला बसलंय?"

आम्ही कुंपणाच्या कडेला तीन विटा मांडल्या. सौ.ने सुकट भाजली, ताटलीत काढली, शेजारी टोपली उघडी ठेवली, आणि आम्ही दोघे जमिनीवर बसलो. ती म्हातारीही येऊन बसली. तिने पदर नाकाला लावला होता, पण उठून गेली नाही. तिघांपैकी कोणी बोलत नव्हते. तीनच्या पुढे, आबांच्या कांदाचाळीखाली दोन ठिपके चमकले. कांदाचाळीचा तळ जमिनीपासून उंच असतो, खालून वारा खेळावा म्हणून. घरापासून ती जागा तीस पावलांवर होती, आणि तिच्यावरून आम्ही दिवसभरात निदान दहा वेळा हाका मारीत गेलो होतो.

ठिपके पुढे आले, थांबले, मागे गेले. आम्ही उठू लागलो तेव्हा सौ.ने आमचा हात घट्ट धरून खाली दाबला. झडप घातली असती तर ती पुन्हा गेली असती, आणि या वेळी रस्त्यापलीकडे. अर्धा तास असा गेला. ट्रकवाला उठला, त्याने इंजिन चालू करू नये म्हणून म्हातारी काठी टेकत त्याच्याकडे गेली. सुंठी पोटावर सरपटत ताटलीपाशी आली, जशी जानेवारीत येत होती. खाल्ले. टोपलीचा वास घेतला. शेपटी आत जाईपर्यंत सौ. हलली नाही, मग तिने झाकण लावले आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली.

ट्रक गेला. दुपारी पालखी चांदोबाच्या लिंबाकडे उभ्या रिंगणासाठी हलली. निघताना म्हातारीने सौ.च्या कानात काही सांगितले. दोघी आमच्याकडे पाहून हसल्या. त्यानंतर सौ. आमच्याशी बोलू लागली.

पट्टा पाहताच सुंठी पलंगाखाली जाऊ लागली. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून: पट्टा अंथरुणाशेजारी, मग ताटलीशेजारी, मग पाठीवर क्षणभर. नाताळ उजाडला तेव्हा ती पुन्हा कडुनिंबाखाली उतरली. आता आमचे फिरणे वीस मिनिटांचे असते आणि त्यात ऐंशी पावलांहून अधिक अंतर काटले जात नाही. ती बसते, आम्ही उभे राहतो. या गावात इतकी वर्षे काढली, पण संध्याकाळी साळुंक्या कोणत्या फांदीवर येतात, कुंपणाच्या कोणत्या खांबातून मुंग्या निघतात, वारा फिरला की चाळीतल्या कांद्याचा वास आधी कोठून येतो, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. पाहावेसे वाटले असे नव्हे. दोरी हातात असल्यामुळे दुसरे काही करता येत नव्हते.

2025 च्या आषाढात दिंडी पुन्हा आली. ती म्हातारी ट्रकमधून उतरल्याबरोबर काठी टेकत ओट्यावर आली. "मांजर कुठाय तुमचं? दाखवा की." आम्ही सौ.कडे पाहिले. तिने दार आतून लावून घेतले, टोपली खाली ठेवली, सुंठीला पट्टा घातला, त्याखाली दोन बोटे घालून पाहिली, आणि मग आम्हांलाही घालून पाहायला लावली.